सूर तुटता कामा नये

पोल्या मावशी गेली तेव्हा मार्चचा बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत साचला होता. लुकेर्याच्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता आपण तिघीच उरलो, हा होता. त्या विचाराची तिला लाज वाटली, पण तो गेला नाही.

क्रुग्लोवका गावात स्तोत्र म्हणायला तिघी पुरत नाहीत. दुखोबोर पंथाची स्तोत्रं कुठे लिहिलेली नसतात, आईच्या तोंडून लेकीच्या तोंडी येतात. आणि ती इतकी लांबवून म्हणायची असतात की एक अक्षर संपेपर्यंत चुलीवरचं दूध उतू जावं. एवढा दम कुणाच्याच छातीत नसतो. म्हणून पाळी असते. एकीचा श्वास संपत आला की ती शेजारणीला कोपर लावते. शेजारीण सूर धरून ठेवते, ही दम घेते आणि पुन्हा आत शिरते. ऐकणाऱ्याला जोड कळता कामा नये. मेलेल्या माणसासमोर तर मुळीच नाही. सूर तुटला की जाणाऱ्याच्या पायाखालची वाट तुटते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावात आता पोरं उरली नव्हती, ती गोष्ट वेगळी.

एके काळी या गावात मयत झालं की बायका दोन घरांत मावायच्या नाहीत. मग बसगाड्या येऊ लागल्या. देवाच्या तसबिरींपुढे वाकत नाहीत म्हणून झारने ज्या दुखोबोरांना रशियातून हाकलून जॉर्जियाच्या या उघड्याबोडक्या डोंगरावर आणून टाकलं, त्यांची पतवंडं आता बसमध्ये बसून 'घरी' चालली होती, रशियातल्या तांबोवकडे. रिकामी घरं शेजारच्या गावांतल्या आर्मेनियन लोकांनी विकत घेतली. त्यांत भिंती तशाच निळ्या राहिल्या, फक्त आतून वेगळे वास यायला लागले.

लुकेर्याची थोरली बहीण मालाशा दोन वर्षांपूर्वी मुलाबरोबर गेली. तिकडे तिने लुकेर्यासाठी एक खोली राखून ठेवली होती. इकडे शेजारच्या गावातला आर्मेनियन वाझगेन लुकेर्याचं घर घ्यायला तयार होता. जावं असं तिला सारखं वाटे. नवरा नाही, मूल नाही, डेअरी बंद पडलेली. त्या डेअरीत तिने तीस वर्षं दुधाची फॅट मोजली होती. अडत होतं ते एकाच गोष्टीवर. ती गेली तर उरणार फेन्या मावशी आणि अगाफ्या आक्का. दोघींनी स्तोत्र धरता येत नाही. त्यांच्यातली जी आधी मरेल, तिला एकटीच्या आवाजावर जावं लागेल. आणि जी मागे राहील, तिला मुक्यानेच.

"मरायलासुद्धा शिस्त लागते," अगाफ्या आक्का शेगडीत गोवऱ्या सारत म्हणाली. "मे महिन्यात गेली असती तर खड्डा तरी सरळ खणता आला असता. पोल्याचं आयुष्यभर असंच, दुसऱ्याच्या गैरसोयीचं."

"तिला ऐकू जात असेल हं," फेन्या मावशी म्हणाली. तिची ऐंशी उलटली होती, पण सूर उचलायचा मान तिचाच.

"जाऊ दे की. उठून उत्तर देईल तर चौथी तरी होईल."

पोल्या मावशी फुलाफुलांचा एप्रन आणि पांढरा रुमाल लेवून मधल्या खोलीत शांत पडली होती. तिघी बाकावर बसल्या, फेन्या मावशी मध्ये. दाराशी वाझगेन टोपी हातात धरून उभा राहिला. सकाळपासून ट्रॅक्टरने स्मशानापर्यंतचा बर्फ त्यानेच बाजूला केला होता.

फेन्या मावशीने सूर उचलला. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात लुकेर्याला कळलं की हिशोब जमत नाहीये. मावशीचा दम निम्म्यावर आला होता, ती वरचेवर कोपर लावत होती, आणि तिचा भार लुकेर्यावर येई तोवर आक्काचंही कोपर मावशीला लागलेलं असे. तिसऱ्या कडव्यात एक उंच चढण आहे. तिथे मावशी थांबली. आक्का थांबली. लुकेर्याने छातीत होता नव्हता तेवढा श्वास पिळून काढला, आणि तोही संपला.

तिघींचीही तोंडं मिटलेली होती.

सूर चालू होता.

तो मोठा नव्हता. चढणीवर जिथे लुकेर्याने सोडला होता तिथूनच पुढे गेला, वर पोचला, वरच थोडासा थरथरला आणि खाली यायला लागला. तेवढ्यात मावशी आत शिरली, मागोमाग आक्का. लुकेर्या शिरली ती सगळ्यांत शेवटी.  वरच्या टोकाला ती थरथर फक्त एकीचीच होती. लहानपणी त्यासाठी आईच्या हातच्या टपला खाणारी मालाशा.

स्मशानातून परतल्यावर शेवयांचं सूप वाढलं. अगाफ्या आक्का आणि फेन्या मावशी मिठावरून भांडत होत्या. वाडग्यात चमचा फिरवत वाझगेन म्हणाला, "चौघींनी छान म्हटलंत."

"तिघींनी," आक्का म्हणाली.

"असेल. मी मोजत नव्हतो, आक्का, ऐकत होतो."

"पिऊन आलास का रे?"

"मयताला? माझी आई मला घरात घेईल का?"

 लुकेर्याचा स्वभाव डेअरीतला होता. दूध गोड लागलं म्हणून ती कधी आकडा लिहीत नसे. दुसऱ्या दिवशी ती पोल्या मावशीच्या रिकाम्या घरी गेली. धुराड्याची झडप उघडली, मिटली, निम्मी ठेवून पाहिली. वाऱ्याने त्यातून सूं सूं आवाज यायचा, पण तो एकाच पट्टीत. बाकावर बसून ती तेच कडवं एकटीने म्हणाली आणि मुद्दाम चढणीवर सोडून दिलं. खोली गप्प राहिली. शेगडी थंड होती. छताच्या तुळईवर कुणीतरी फार पूर्वी लटकवलेली कांद्यांची माळ होती, ती हलतसुद्धा नव्हती.

मग तिला खरी भीती वाटली. आवाज मालाशाचा होता आणि मालाशा इथे नव्हती, तर मालाशा कुठे होती?

मोबाइलला रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर यायची. गुडघाभर बर्फातून ती वर चढली. तिकडे रिंग बराच वेळ वाजत राहिली. तेवढ्या वेळात लुकेर्याने मनातल्या मनात बहिणीला पुरूनसुद्धा टाकलं.

"कोण? लुशा? काय झालं गं?"

 "पोल्या मावशी गेली," लुकेर्या म्हणाली.

"अरे देवा." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "म्हटलंत ना नीट तिच्यासाठी? तिघीच होतात ना?"

"ताई, तू काल दुपारी काय करत होतीस?"

"काल? बटाटे सोलत होते. का गं?"

"गात होतीस?"

मालाशा हसली, पण ते हसू अर्ध्यातच थांबलं. "इथे कोण गातंय, बाई. आले त्या उन्हाळ्यात एकदा अंगणात सूर लावायला गेले, तर शेजारीण कुंपणावरून विचारते, तुमच्या जॉर्जियात कुत्री अशीच रडतात का. तिकडे जन्मभर आपण रशियन. इथे आलो तर जॉर्जियावाले." मग म्हणाली, "पण ते कारण नाही. मला येतच नाही आता. तोंड उघडते, नुसती हवा बाहेर येते. डॉक्टर म्हणतो घसा ठणठणीत आहे."

लुकेर्याने तिला चढणीवरचं सगळं सांगितलं. थरथरीचंही. 

"म्हणजे तो अजून आहे तिथे," मालाशा म्हणाली.

"काय आहे?"

"मी निघायच्या आधीच्या हिवाळ्यात, वास्या म्हाताऱ्याच्या मयताला. मला ठसका लागला म्हणून मी तोंड मिटलं, आणि माझा आवाज चालूच राहिला. माझ्या पाठीमागून, इथून, खांद्यापासून. मी हळूच पुन्हा म्हणायला गेले, तर शिरताच येईना. ओठ हलवत बसले शेवटपर्यंत. तुला कळलंसुद्धा नाही, शेजारी होतीस."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, तपासून बघू."

लुकेर्याला हसू यायला हवं होतं.

"मग मुलगा चल म्हणतच होता," मालाशा म्हणाली. "वाटलं, मी नसले तरी चालतंय. कुणाचं अडत नाही. तेव्हा बरंच वाटलं बघ. हलकं." मग एकदम खालच्या आवाजात, "लुशा, तू यायचं तर ये, नाहीतर राहा. पण तोंड मिटून बघू नकोस. दम घ्यायला, पाळीपुरतं ठीक आहे. मुद्दाम नको."

एप्रिल संपता संपता पोल्या मावशीच्या कबरीपाशी म्हणायचं सहाव्या आठवड्याचं स्तोत्र आलं. उतारावरचं गवत पिवळं, बर्फाने दाबून चटईसारखं झालेलं होतं, आणि कबरींच्या मधे चिखल होता. वाझगेन सकाळीच दोन शब्द बोलून गेला होता: घराचं आज कळवलंत तर बरं, ताई, धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. लुकेर्या संध्याकाळी सांगते म्हणाली होती. रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेच होतं. सांगायचं काय, हे तिचं तिलाच ठरत नव्हतं. या दोघींना टाकून जायचं की नाही, याचं उत्तर तोंड मिटूनच कळणार होतं, आणि तेच करू नकोस असं बहिणीने सांगितलं होतं.

"चिखलात उभं राहून गुडघे गेले माझे," अगाफ्या आक्का म्हणाली. "पोल्या, लवकर ऐक आणि आम्हाला सोड."

फेन्या मावशीने सूर उचलला. वाऱ्यात तो पातळ झाला, पण टिकला. आक्का शिरली, लुकेर्या शिरली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. चढण जवळ आली तेव्हा लुकेर्याच्या छातीत श्वास भरपूर होता. उगाच शंका नको म्हणून तिने तो नीट तपासून घेतला. आणि तोंड मिटलं.

क्षणभर दोघींचेच आवाज होते, म्हातारे, एकमेकींना टेकून चाललेले. मग तिच्या उजव्या खांद्यामागून तिसरा आला. तो मालाशाचा नव्हता. हा किंचित घोगरा होता, अक्षराच्या शेवटी नाकात जाणारा. डेअरीच्या कार्यक्रमात कुणीतरी टेपवर घेतलेला तो ऐकला होता तेव्हा लुकेर्याला तो मुळीच आवडला नव्हता. आक्काचं कोपर तिला लागलं, पाळी मागत. लुकेर्याने काहीच केलं नाही. आक्काने निर्धास्तपणे दम घेतला, मावशीनेही घेतला, आणि चढणीवर तो घोगरा आवाज एकटा वर गेला. वर पोचल्यावर त्याला दुसरा येऊन मिळाला, थरथरणारा. मग आणखी एक जाडसर, पोल्या मावशीचा. त्यांच्या मागे अजून कितीतरी होते. ते मोजण्यात अर्थ नव्हता. त्यांत मेलेले होते आणि तांबोवात बटाटे सोलणारेही.

मावशी आत शिरली. आक्का शिरली. लुकेर्यानेही तोंड उघडलं, लहानपणी शिकवलं होतं तसं, कडेने, अलगद. आतून हवा आली. तिने फट शोधली. पुन्हा शोधली. फट नव्हतीच. गाणं सगळीकडून गच्च भरलेलं होतं.

ती एक पाऊल मागे सरली. कुणी वळून पाहिलं नाही. ती आणखी मागे आली आणि चिखल तुडवत उतारावर ट्रॅक्टरपाशी गेली. वाझगेन तिथे चाकाला टेकून, टोपी छातीशी धरून, डोळे मिटून ऐकत होता.

"आज तुमचा सूर लागलाय, लुकेर्याताई," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, आणि डोळे उघडले. ती त्याच्या शेजारी उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग वर कबरीकडे. तिथे दोघीच होत्या. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि लगेच काढली.

गाणं शेवटच्या कडव्यात आलं होतं. कुठेही जोड ऐकू येत नव्हता.

"घराचं विचारलं होतंस," लुकेर्या म्हणाली. शब्द कसेबसे निघाले, ओल्या गोवऱ्या पेटवल्यावर धूर निघतो तसे.

"ताई, आजच असं काही नाही. राहू दे."

"घे," ती म्हणाली. "पण मधल्या खोलीतला आमचा गायचा बाक हलवू नकोस."

त्याने मान हलवली. मग ती तिथेच उभी राहिली, त्याच्यासारखीच ऐकणारी, शेवटचं अक्षर संपेपर्यंत. ते संपायला फार वेळ लागला.