अतिजाची एक ओळ

कापूस शिजवून खाता येत नाही, एवढी साधी गोष्ट पोर्तुगीज साहेबाला कोण सांगणार? ज्वारीच्या रानात कापूसच लावा, असा त्याचा हुकूम. मग माकुआ जमातीच्या बायांनी शक्कल काढली. साहेबाचं बी आधी उकळायचं, मगच पेरायचं. उगवलं नाही की म्हणायचं, जमीनच मेलीय. तसं ठरलं तेव्हा एकेकीने पूर्वजांच्या झाडाखाली चिमूटभर ज्वारीचं पीठ ठेवून शपथ घेतली. अतिजानेही घेतली.

पण गेल्या साली कापूस कमी भरला म्हणून तिच्या तळहातांवर भोकं पाडलेल्या लाकडी फळीचे वीस फटके बसले होते. महिनाभर मुसळ धरता आलं नव्हतं. ती आठवण काही जाईना. चार मुठी बी तिने बाजूला काढलं आणि कुंपणाकडेला एक ओळ कच्चीच पेरली. एवढ्याशा ओळीने कुणाचं काय बिघडतंय, असं तिने स्वतःला बजावलं. भित्र्या माणसाला सबबी शोधाव्या लागत नाहीत.

दहाव्या दिवशी साहेबाचा मुकादम शिपाई घेऊन आला. त्यांच्याच जातीचा, पण कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. रानोरान फिरून तो त्या हिरव्या ओळीपाशी थांबला आणि पोट धरून हसला.

"जमीन मेलीय म्हणता? मग हे काय तुमच्या बापाच्या थडग्यातून उगवलं? हिच्या रानात येतं आणि तुमच्यात येत नाही होय गं भवान्यांनो?"

शिपायांनी गावातल्या बायांना रांगेत उभं केलं. सगळ्यांत म्हाताऱ्या निहियापासून सुरुवात झाली. अतिजाला मात्र मुकादमाने शाब्बासकी दिली, वर मिठाची पुरचुंडी. ती हातात घेऊन अतिजाला सगळे फटके मोजावे लागले. आपल्यालाही मारावं, असं तिला वाटलं; पण तिने पुरचुंडी कमरेला खोचली.

संध्याकाळी गावात धड हात तिचेच होते. कसाव्याच्या कंदाची लापशी घेऊन ती निहियाकडे गेली. म्हातारीचे तळवे भाकरीसारखे टम्म फुगले होते. अतिजा तिला भरवू लागली.

"आजी, माझं बी नीट शिजलं नसेल गं..."

"अर्धकच्चं बी इथे एक, तिथे एक उगवतं, पोरी. सरळ ओळीत नाही."

अतिजाची मान खाली गेली. लाजेने तिला जीव नकोसा झाला. "कच्चंच पेरलं, आजी. मार चुकवायला."

"ठाऊक आहे. बाकीच्यांनाही ठाऊक आहे." म्हातारीने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. घास गिळून ती म्हणाली, "उद्या परत बी वाटणार आहेत. आम्हाला हंडा उचलवणार नाही. सगळ्या गावाचं बी आता तूच शिजव."

"माझ्यावर सोपवता?"

"हात तुझेच आहेत ना! आणि लापशीत मीठ नाही बघ."

पुरचुंडी अतिजाच्या कमरेलाच होती. पण मुकादमाच्या त्या मिठाची गाठ तिला सोडता येईना.