घरपट्टीपुरती बहीण

एक्क्याण्णव साली नगरपालिकेची फेरआकारणी निघाली आणि पनवेलच्या आमच्या गल्लीतले भाडेकरू आठवडाभरात नाहीसे झाले. माणसं तीच, खोल्या त्याच, फक्त सगळे नातेवाईक झाले. घर स्वतः वापरलं तर घरपट्टी कमी, खोली भाड्याने दिली तर जबर, मग दुसरं काय होणार? समोरच्या प्रमिलाने आपल्या बिऱ्हाडकरूला मावसभाऊ करून टाकलं आणि वर मला म्हणते, "सुमतीताई, तुम्हीही काहीतरी ठरवून ठेवा."

मी काय ठरवणार, कपाळ माझं. माझ्या मागच्या खोलीत शुक्री राहायची. डोंगरातल्या वाडीवरची, इमारतींच्या कामावर विटा वाहणारी. हिला मावसबहीण म्हटलं असतं तर साहेब पोट धरून हसला असता. पण हे गेल्यापासून निम्म्या पेन्शनवर माझं घर चाललं होतं. घरपट्टी दुप्पट झाली असती तर गुडघ्याचं औषध बंद करण्यावाचून गत नव्हती. म्हणून मी तिला बोलावलं.

"हे बघ, साहेब आला की सांगायचं, तू माझी मानलेली बहीण. भाडंबिडं काही देत नाहीस."

"मानलेली म्हंजे?"

"म्हणजे मी तुला बहीण मानलंय."

"कदी?"

"आत्ता. साहेब जाईपर्यंत."

तिने मान हलवली. नाही म्हणण्याची सोय तरी कुठे होती तिला.

शुक्रवारी सकाळी इन्स्पेक्टर धर्मराज म्हात्रे आले. घामाघूम झालेले, काखेत जाडजूड रजिस्टर. मी शुक्रीला पहिल्यांदाच माझ्या खुर्चीवर बसवलं, कपबशीतून चहा दिला. एरवी तिचा पेला मोरीपाशी उपडा असतो. ती खुर्चीच्या कडेला अशी टेकली होती की मलाच भीती, पडते की काय.

"मागच्या खोलीत कोण राहतं?"

"माझी मानलेली बहीण," मी ठणकावून सांगितलं.

म्हात्र्यांनी उसासा टाकला. "बाई, सकाळपासून सहा मावसभाऊ झाले, दोन भाचे झाले. बहीण पहिलीच." मग शुक्रीकडे वळले. "काय हो, या बाईंचं माहेर कुठलं?"

हे कुठे पढवलं होतं मी?

"वाईला," शुक्री म्हणाली. "हिची आय आखाडात गेली. बायचा डावा गुडघा दुकतो. वांगा खात नाय. सांजच्याला एकटी बसली की रडते, मंग मी भांडी जोरात घासते, म्हंजे तिला वाटतं मला आयकू आला नाय."

हे हिला ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं. पण साहेबांचा चेहरा मऊ झालेला पाहिला आणि खरं सांगते, मला आनंदच झाला. जिंकलो म्हटलं.

"आता तुम्ही सांगा," म्हात्रे माझ्याकडे वळले. "बहिणीचं गाव?"

"इकडचंच. डोंगराकडचं."

"मुलं किती?"

अंगणात पोरं खेळताना दिसायची. कधी दोन, कधी पाच. मी कधी मोजली नव्हती.

"दोन," मी म्हटलं. शुक्रीने बशीत पाहिलं.

"नवऱ्याचं नाव तरी?"

हे मला येत होतं. "चांगो. एक तारखेला न चुकता तोच तर येतो द्यायला..."

जीभ चावली, पण उशीर झाला होता. म्हात्रे हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि माझ्या नावासमोर सावकाश लिहिलं, मागील खोली, भाडेकरू. "तिने सगळं खरं सांगितलं होतं, बाई," एवढंच म्हणाले आणि प्रमिलाकडे गेले.

घरपट्टीचं दुःख संध्याकाळी करायचं ठरवलं. त्या क्षणी मला नुसती लाज वाटत होती, मान वर करवेना. शुक्री उठली, दोघींच्या कपबश्या तिने उचलल्या आणि मोरीकडे जाता जाता थांबली.

"तीन हायेत, बाय," ती म्हणाली. "थोरली मैना, आश्रमशाळेत ऱ्हाते. मंग अंकुश. मंग वेणू. पुन्हा कोनी इचारला तर तुला यायला पायजे."