मोझरीचा मिस्ड कॉल

सासूला हाक मारायला कुंदाजवळ शब्दच उरला नव्हता. लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा ती ललिताबाईंना आत्याबाई म्हणायची. श्रावणीच्या बारशाला दोघींचं जे वाजलं ते वाजलंच. तेव्हापासून नुसत्या "ऐकलं का" वर तिनं दहा महिने काढले होते. ललिताबाईंकडे मात्र शब्दांचा तुटवडा नव्हता. पातूरवाली, मास्तराची लेक, आणि राग फारच चढला की कुंदाकडे न बघता थेट श्रावणीलाच, "तुह्या मायले सांग, दूध उतू चाललं." पोर बिचारी दोन दात दाखवून हसायची. एवढीशी, पण घरातला सगळा पत्रव्यवहार तिच्याच नावावर चालायचा.

उद्धव कृषी सहायक होता. तिवस्याकडची सहा गावं त्याच्याकडे. मदतीच्या पॅकेजचं वर्ष होतं ते. कोणाचं नाव यादीत, कोणाचं नाही, यावरून गावोगाव डोकी तापलेली. फटफटी पारावर उभी राहिली की पोरं ओरडायची, "आला रे यादीवाला!" कधी हवा सोडलेली असायची, कधी सीट फाडलेली. याद्या वर ठरायच्या. शिव्या मात्र उद्धव खायचा आणि खाली मान घालून संध्याकाळी घरी यायचा. घरी आल्यावरही मान खालीच ठेवावी लागायची.

दिवाळीनंतर त्याच्या सोबतच्या देवीदासला लोकांनी रस्त्यात अडवून गाडीवरून खेचलं. डोकं फुटलं. खिशात मोबाइल होता, पण उचलणाऱ्यांना कोणाला कळवायचं ते कळेना. नुसती शंभर नावं. घरच्यांना पत्ता लागला तो संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना सांगितलं : घरचा नंबर मोबाइलमध्ये वेगळा घालून ठेवा. नावाआधी दोन ए लावा, म्हणजे यादीत सगळ्यात वर येईल. काही झालं तर तोच आधी दिसेल.

उद्धवनं जेवताना हे सांगितलं, आणि तिथंच चुकलं.

"माहाच नंबर टाक," ललिताबाई म्हणाल्या. "नऊ महिने वागवलं तुले म्या. बाकीचे काय, काल परवा आले."

"माणसाले काही झालं तं लोक पयले बायकोले सांगतात," कुंदा तव्यावरच्या भाकरीला म्हणाली.

"तुह्या मायले सांग श्रावणी, बायको झाली म्हणून कोणी माय नाही होत."

"तुह्या आजीले सांग श्रावणी, मी बी माय हाय."

"टाकला," उद्धव घाईनं म्हणाला. "दोघींचाही टाकतो."

"पयला कोणाचा?"

हे दोघींनी एकदमच विचारलं. दहा महिन्यांत एकमेकींशी जुळलेलं ते पहिलंच वाक्य. उद्धवनं पाण्याचा गडू उचलला आणि पुष्कळ वेळ पाणी पीत राहिला.

कुंदाला वाटलं, विषय निघालाच आहे तर तेही बोलून घ्यावं. दोन वर्षांपूर्वी दाढ काढताना एका इंजेक्शननं उद्धवचा श्वास कोंडला होता, ओठ निळे पडले होते. मरता मरता वाचला. डॉक्टरांनी औषधाचं नाव कागदावर लिहून दिलं होतं, हा नेहमी जवळ ठेवा म्हणून. तेव्हा सोबत ललिताबाई होत्या. कागद त्यांनी आपल्या लोखंडी पेटीत ठेवला, मुलाच्या पत्रिकेसोबत, आणि पेटीची किल्ली कमरेला.

"तो औषधाचा कागद तरी यांच्या पाकिटात ठेवू द्या," ती म्हणाली.

"माह्या पोराचे कागद माह्याजवळच राहतीन."

"मले नुसतं नाव तरी उतरून घेऊ द्या."

"काहून? मी मेली का?"

उद्धव म्हणाला, जाऊ द्या ना. त्याचं सगळ्यालाच जाऊ द्या ना. कागद पेटीतच राहिला.

या घरात फोन वाजायचा, पण कोणी उचलायचं नाही. उचलला की पैसे कटतात. सगळी अमरावती तेव्हा मिस्ड कॉलवर बोलायची. ललिताबाईंकडे उद्धवचा जुना हँडसेट होता. तिवस्याला पोचला की तो आईला एक रिंग देऊन कट करायचा. एक रिंग म्हणजे पोचलो, परत फोन करू नको. फोन छातीशी धरून ललिताबाई गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "पोहचला व बाप्पा माहा लेक!" ते म्हणताना डोळे कुंदाकडे.

कुंदाचा फोन तिच्या भावानं अकोल्याहून घेऊन दिलेला. त्याच्यावर येणारी एक रिंग घरात कोणालाच ठाऊक नव्हती. तिवस्याच्या अलीकडे मोझरीला उद्धव चहाला थांबायचा आणि तिथून एक मिस्ड कॉल तिला द्यायचा. त्याचा अर्थ काहीच नव्हता. नुसती आठवण. भांडी घासताना नाहीतर पोरीला पाजताना पदराखाली फोन एकदाच थरथरायचा, आणि तेवढ्यावर ती पुढचा दिवस काढायची. मग पंधरा-वीस मिनिटांनी बाहेरून आवाज यायचा, पोहचला व बाप्पा. कुंदा मनात म्हणायची, म्हणा. तुमच्या आधी माझ्याकडे येऊन गेला.

त्या दिवशी उद्धव नऊला निघाला. कुंदानं श्रावणीला आंघोळ घालून पायावर घेतलं होतं, ओल्या केसांतून बोट फिरवत होती. पोरीच्या टाळूचा वास घेतला की ती सासूला पाच मिनिटं तरी विसरू शकायची. दहा वाजत आले असतील. बाहेर ललिताबाईंचा फोन एकदा वाजून थांबला.

"पोहचला व बाप्पा!"

आज तिची रिंग आलीच नव्हती. सकाळी निघताना ती त्याच्याशी धड बोलली नव्हती, त्याचा राग असेल. ती पोरीला झबलं घालू लागली. दोन मिनिटं गेली आणि तिचा फोन वाजला. उद्धव. एक रिंग. कट.

आधी ती हसली. मग हात थांबला.

मोझरी आधी येते. तिवसा नंतर. आजवर एकदाही उलटं झालं नव्हतं. तिवस्याला पोचलेला माणूस मोझरीला परत कशाला येईल? की चहाला थांबलाच नाही, आणि पोचल्यावर आठवण झाली? पण नऊला निघालेला माणूस दहाच्या आत तिवस्याला पोचतो तरी कसा?

फोन लावावा, तर मागच्या महिन्यातलं आठवलं. भर सभेत तिचा फोन गेला आणि गावातले हसले, साहेबाले घरून वारंट आलं म्हणून. उद्धव घरी येऊन तणतणला होता, आणि ललिताबाईंनी तो फोन तीन दिवस पुरवला होता. बाहेर जाऊन सासूला विचारावं, तर आपली रिंग उघडी पडणार. चोरून जपलेली एवढी एकच वस्तू होती तिच्याजवळ. ती सासूच्या हातात द्यायची? कुंदानं ओठ घट्ट मिटले आणि पोरीच्या डोळ्यांत काजळ घातलं. काजळ गालावर आलं.

वीस मिनिटं अशीच गेली. या वीस मिनिटांचा हिशेब पुढे तिनं स्वतःला कित्येकदा मागितला.

बाहेर पुन्हा एक रिंग. कट.

"अव, हे काय," ललिताबाई स्वतःशीच बोलल्या. आवाजातला तोरा गेला होता. "दोनदा पोहचला का हा?"

कुंदा पोरीला कडेवर घेऊन दारात आली. "मलेही आला."

"तुले? तुले कायले देते तो?"

"मोझरीवरून देतात. चहाले थांबले का."

"आज दिला?"

"रोज देतात."

ललिताबाईंचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. "रोज! चोरून! माह्या घरात, माह्या पोराच्या पैशानं..."

"ते मागून बोला, पाहिजे तेवढं बोला," कुंदा म्हणाली. "मोझरी आधी येते का तिवसा? तुमाले आधी आला आज. मले मागून आला. आता पुन्हा तुमाले. तुमीच सांगा, हा कोणत्या रस्त्यानं चालला हाय?"

ललिताबाईंनी बोटावर गावं मोजावीत तसा अंगठा हलवला. "लाव. फोन लाव त्याले. पाह्यत काय बसली!"

पहिल्याच रिंगला उचलला गेला. आवाज उद्धवचा नव्हता.

"कोन बोलून राह्यलं? घरचे हाय का? जित्ते हाय का सगळे?"

"मी... मी त्यांची बायको. तुमी कोण?"

"गुलाम नबी. मोझरीच्या अलीकडे पंक्चरचं दुकान हाय माह्यं. तुमच्या साहेबाच्या गाडीले रोही आडवा आला, नीलगाय, तुरीतून निघाला एकदम. साहेब दवाखान्यात पडून हाय. आन मी अर्ध्या घंट्यापासून मिस्ड कॉल देऊन राह्यलो, तं एक बी परत फोन नाही करत! मिस्ड कॉल आला का माणूस परत फोन करते, सारी दुनिया करते. तुमच्या घरी काय त्याचं लोणचं घालता?"

"आमाले वाटलं पोहचले..."

"बॅलन्स इतकुसा होता त्यात. बोलता बोलता कटला असता तं मग कशानं कळवलं असतं? माह्याजवळ कुठी फोन हाय!" मग तो जरा खाली आला. "रोऊ नका भाभी. होश येऊन जाऊन हाय. पाय फाटला हाय चांगलाच. नुसतं म्हणून राह्यले, इंजेक्शन नको, इंजेक्शन नको. डॉक्टर साहेबानं मलमपट्टी केली, पण सुई हातात घेऊन थांबले हाय. घरच्याले विचारा म्हणते, कोणतं चालत नाही. घ्या, बोला."

डॉक्टर थोडक्यात बोलले. जखमेत माती आहे, औषध द्यायलाच हवं. कशाची रिअ‍ॅक्शन आहे? नाव सांगा.

नाव कुंदाला माहीत नव्हतं. त्याच्या डाव्या खांद्यावरचा तीळ माहीत होता, झोपेत तो कोणत्या कुशीला वळतो ते माहीत होतं. औषधाचं नाव नव्हतं माहीत. तिनं वर पाहिलं. ललिताबाई आधीच पेटीसमोर होत्या, पण किल्ली कुलपात जात नव्हती. कुंदानं श्रावणीला खाली ठेवलं, किल्ली त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि पेटी उघडली. पत्रिका, नाळेची पुडी, शाळेचे दाखले, सगळं जमिनीवर आलं. कागद सापडला ललिताबाईंना. त्यांनी तो उलटा धरला होता. इंग्रजी होतं.

"वाच!" त्या ओरडल्या. "मास्तराची लेक ना तू? वाच मंग!"

कुंदानं एकेक अक्षर डॉक्टरांना सांगितलं. दोनदा.

"हेच भरलं होतं," डॉक्टर म्हणाले. "दुसरं देतो. या तुम्ही."

दुपारी दोघी दवाखान्यात पोचल्या. एकाच ऑटोत, पोरीला मध्ये ठेवून. उद्धवचा पाय लाकडाला बांधलेला, चेहरा खरचटलेला, पण डोळे उघडे होते. कुंदानं त्याच्या कपाळावर हात ठेवला. दुसऱ्या बाजूनं ललिताबाईंनी ठेवला. कपाळ लहान पडलं.

गुलाम नबी दाराशी उकिडवा बसला होता. हातात उद्धवचा मोबाइल, फडक्यात गुंडाळलेला. कुंदा हात जोडायला गेली तर तो म्हणाला, "राहू द्या. तुमच्या साहेबानं माह्यं नाव यादीत नाही टाकलं. वावर बापाच्या नावानं हाय म्हणे. परवा म्याच यायच्या गाडीची हवा सोडली होती." त्यानं उद्धवकडे पाहिलं. "आता रस्त्यात टाकून जातो म्हटलं असतं तं कोणी पाह्यलं नसतं. पण मंग साहेब आन मी ज्याच्याकडे रोज चहा पितो, त्या चहावाल्याले काय तोंड दाखवलं असतं?"

उद्धवनं डोळे मिटून घेतले.

"येक सांगा भाऊ," ललिताबाई पुढे झाल्या. "फोनमंधी पयला नंबर कोणाचा होता?"

"अहो ऐकलं का, आता हे कशाले?" कुंदा म्हणाली. पण तीही उत्तरासाठी थांबली.

"नाव येकच होतं सगळ्यात वर. एए घर. त्याच्या पोटात दोन नंबर. म्या बटन दाबलं, एकावर एक दिला. मंग दुसऱ्यावर. मंग पुन्हा पयल्यावर. कोन परत फोन करते का पाह्यलं." तो उठला. "ना कोणी उचलला, ना परत केला."

फडकं सोडून त्यानं मोबाइल दोघींच्या मधे खाटेवर ठेवला.

उद्धव दीड महिना घरी होता. घर बदललं नाही. ललिताबाईंनी "रोज चोरून" हे शब्द आठवडाभर पुरवले, कुंदानं पेटीचं कुलूप हा विषय दोन आठवडे. औषधाच्या नावाच्या तीन चिठ्ठ्या झाल्या. एक उद्धवच्या पाकिटात, एक फटफटीच्या डिक्कीत, एक देवाच्या फोटोमागे. मूळ कागद मात्र पेटीतच गेला आणि किल्ली कमरेला.

एका दुपारी सगळे झोपलेले पाहून कुंदा स्वयंपाकघरात आपला फोन घेऊन बसली. श्रावणी मांडीवर, तोंडात अंगठा. कुंदाच्या मनात आलं, उद्या मीच कुठे रस्त्यात पडले, पोरगी कडेवर असली, तर कोणाला कळणार? उद्धव सहा गावं फिरत असतो. वडील पातूरला, भाऊ अकोल्याला. पोरीला घ्यायला दहा मिनिटांत धावत कोण येईल?

उत्तर तिला आवडलं नाही. तरी तिनं दोन ए दाबले. पुढे काय लिहावं यावर बोट बराच वेळ अडलं. आई तिची पातूरला होती. आत्याबाई आता जमत नव्हतं. शेवटी तिनं लिहिलं, श्रावणीची आजी. नंबर बरोबर पडला का बघायला म्हणून एक मिस्ड कॉल दिला. रिंग जाते ना जाते तोच पलीकडे उचलला गेला. बाहेरच्या खोलीतून आणि फोनमधून एकदमच आवाज आला.

"कोण हाय? काय झालं? कुठी हाय तू?"

कुंदा दचकली. "अथीच. चुलीपाशी. नंबर टाकून पाह्यत होती."

"मंग कट कराचा ना पटकन! गेले ना पैसे!"

"तुमीच उचलला."

"आता मी उचलतच असतो," ललिताबाई तणतणल्या. "तुह्या मायले सांग श्रावणी, या घरात आता फोन वाजला का मी उचलीन. पैसे कोणाचे बी जावोत."

फोन चालूच होता. दोघींपैकी कोणीच तो कट करत नव्हतं.