डाव्या पायाचा गमबूट

मी बोलतोय, डाव्या पायाचा गमबूट. उजवा शेजारीच आहे, पण तो जन्माचा घुम्या. तेव्हा सांगायचं ते मलाच सांगावं लागणार, आणि त्यात चांगलं थोडंच आहे.

साच्यातून निघालो, दुकानात दोरीला लटकलो, आणि लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या एका माणसाच्या पायात आलो. मुलूख गरम आणि दमट. ओंडका सरकवला की खालून वीतभर लांब गोम सळसळत निघायची. घरात कपाटामागे तळहाताएवढा कोळी होता. "झुरळं खातो, राहू दे बिचाऱ्याला," मालकाची आई म्हणायची. साप दिसला तर ती काठी आपटून त्याला वाट करून द्यायची. भीती नव्हती असं नाही, पण शेजार म्हटला की शेजारधर्म आलाच.

एका बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकत नसे. बूट उलटा करायचा, तीनदा आपटायचा, मगच पाय घालायचा. मालक लहानपणापासून हे करत आला होता. माझ्यातून एकदा विंचू पडला, एकदा बेडूक, आणि एकदा तिचाच हरवलेला चमचा.

पुढे मालकाला थंड मुलखात मासळीच्या कारखान्यात काम मिळालं. बायको आणि लहान मुलगी घेऊन तो निघाला, आम्हालाही घेतलं. तिथे पायाखाली बर्फ, खिडकीबाहेर बर्फ. किड्यामुंग्यांचं नाव नाही. एकदा जिन्यात नखाएवढा कोळी निघाला तर शेजारीण किंचाळत तीन मजले खाली गेली! मालक पोट धरधरून हसला होता.

तरी रोज सकाळी तो आम्हाला आपटायचाच. कारखान्यातले सोबती चिडवायचे, "काय रे, बर्फाचा साप निघतो की काय?" पहिल्या हिवाळ्यात तो हसण्यावारी न्यायचा. दुसऱ्या हिवाळ्यात त्यानं आपटणं सोडलं. माणसं धोक्याला सरावतात तशी सुखालाही सरावतात.

त्याची बोटं गारठून काळीनिळी पडायची. ते बघवेना म्हणून बायकोनं जुना स्वेटर उसवून आमच्यासाठी अस्तर शिवलं आणि वरच्या काठाला पक्के टाके घातले. खाली बोटांपाशी ते सैलच राहिलं. इतकी माया मला कुणी कधी लावली नव्हती.

पाच वर्षांनी आईचं दुखणं ऐकून सगळे परत आले. आम्ही रात्रभर ओट्यावर पडून होतो. सकाळी गळकं छप्पर बघायला मालक निघाला, तशी आई आतून ओरडली, "बूट झटक रे!"

"तुझं आपलं तेच, आई! आता मी काय लहान आहे?" तो म्हणाला. आईनं ऐकलं ते एवढंच. ती अंथरुणाला खिळलेली.

पण बोलता बोलता त्यानं मला उचललं, उलटं केलं आणि पायरीवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. काहीच पडलं नाही. कसं पडणार? काठाच्या एका उसवलेल्या टाक्यातून मण्यारीचं पिल्लू रात्रीच आत शिरलं होतं. अस्तर आणि रबर यांच्या मधल्या उबेत ते बसलं होतं. मी ओरडलो, पण बुटाचं कोण ऐकतो?

त्यानं पाय घातला. काहीतरी मऊ हललं, लोकर टोचल्यासारखं झालं. "अस्तर गोळा झालंय," असं पुटपुटत त्यानं मला काढून ठेवलं आणि चपला घालून तो छपरावर चढला.

तासाभरात त्याच्या पापण्या जड झाल्या, जीभ अडखळायला लागली. आई म्हणाली, "दोन दिवसांचा प्रवास झालाय, शीण आलाय. पड जरा." तो तिच्याच शेजारी आडवा झाला. संध्याकाळी बायको चहाला उठवायला गेली तेव्हा त्याला धड श्वासही घेता येत नव्हता. दवाखान्याच्या वाटेवर तो गेला. पिल्लू नंतर आमच्यामागे भिंतीशी सापडलं.

आता कुणीही भेटायला आलं की आई एकच सांगते, "ओरडून सांगितलं होतं हो मी. नाही ऐकलं त्यानं. शेवटचं धड बोलला तेही उलटंच." मग ती भिंतीकडे तोंड फिरवते. गोळ्या घेत नाही, जेवत नाही. सून समजूत घालते, पण सून तेव्हा विहिरीवर होती. तिला तरी काय ठाऊक!

आम्हाला मागच्या पडवीत टाकलंय. रबर तडकतंय, फार दिवस निघतील असं वाटत नाही. तुमच्या कानावर माझं बोलणं पडलंय तर एवढं करा. अस्तराचं काही बोलू नका, ते शिवणारीला अजून पोर वाढवायची आहे. त्या माउलीपाशी मात्र जा आणि सांगा, त्यानं झटकला होता. तीनदा. तुम्ही सांगितलं होतं म्हणून.