अकरा पानं कमी असलेली कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे आणि गेल्या काही वर्षांत मी फार आनंदी झाले आहे. मित्रांनो, माझं अभिनंदन करू नका. मी दुःखी म्हणून लिहिली गेले होते.

माझं नाव ‘फिरोजी अस्तर’. माझ्यात शेवंती नावाची एक मुलगी आहे. तिला कपड्यांचं वेड. शहरातल्या मोठ्या शिवणघरात तिला काम मिळतं, ती जाते, आणि तिथे तिचं जे होतं ते वाचून माझ्या प्रकाशकांनी हस्तलिखित बाजूला सरकवलं. मग म्हणाले, “लिहिलंय छान. पण इतकं वाईट विकत कोण घेणार?” तोडगाही त्यांनीच काढला. शेवंतीवरचं प्रत्येक संकट कापूनकुपून एका पानात बसवायचं आणि त्याच पानाच्या मागे पानभर पोशाखाचं चित्र टाकायचं. म्हणजे वाचकाने सुस्कारा सोडून पान उलटलं की समोर फुग्याच्या बाह्यांचा झगा. अशी अकरा संकटं आणि अकरा चित्रं पोटात घेऊन, दोऱ्याने शिवली जाऊन, मी कट्टा गावच्या बाजारातल्या वाचनालयात आले.

तिथून मला एकोणीस वर्षांच्या नाझमीनने घरी नेलं. तिची बॅग भरलेली होती. शहरातून शिवणकामाचं बोलावणं आलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. गाडीत वाचायला म्हणून घेतलेली मी, तिने आदल्या संध्याकाळीच संपवली. सकाळी तिने बॅग रिकामी केली. पुढे तिने एसटी स्टॉपसमोर लेडीज टेलरचं दुकान टाकलं आणि माझ्यासाठी एक चिठ्ठी लिहिली. ग्रंथपाल दत्तप्रसादने ती कपाटावर चिकटवली: ‘फॅशनची आवड असणाऱ्यांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. पूर्ण वाचावी.’

माझी मागणी वाढली. वाचनालयात कोणी कादंबरीसाठी नंबर लावतं, हे दत्तप्रसादने त्याआधी पाहिलं नव्हतं. पण फॅशनची आवड असणाऱ्यांना आवड फॅशनची असते. अक्षयाच्या घरी लग्न होतं. तिने ब्लेडने, शिवणीलगत, अगदी सरळ रेषेत माझं पान एकशे एक्केचाळीस काढून घेतलं. तिची बहीण म्हणाली, “अगो, वाचनालयाचा पुस्तक मां ता!”

“चित्राचा पान आसा. चित्र कोण वाचता?” अक्षया म्हणाली.

आमच्या भागात शिंप्याकडे माप देताना चित्र द्यायची रीत आहे. तोंडाने सांगितलेला गळा भलतीकडेच जातो. त्यामुळे एकामागून एक माझी अकराच्या अकरा पानं नाझमीनच्या दुकानात पोचली. तिने ती मशीनच्या वर भिंतीवर डकवली. झगे बाहेरच्या बाजूला, शेवंती भिंतीकडे तोंड करून. नाझमीनला माझे शब्द पाठ होते, चित्रं आठवत नव्हती. आणि गिऱ्हाइकं तर कुठून कुठून कात्रणं आणतात. विचारतं कोण?

दत्तप्रसाद माझी पानं न चाळता मागच्या पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारत राहिला. आणि मी आनंदी होत गेले. पान एकशे चाळीसवर शेवंती शिवणघराचा उंबरा ओलांडते. एकशे त्रेचाळीसवर ती फिरोजी झगा घालून बग्गीत बसते. मधल्या पानात तिचे कागद मालकिणीच्या कपाटात जातात आणि खोलीला बाहेरून कडी लागते. ते पान नसलं की कैद थेट कीर्ती होते.

या वर्षी नाझमीनच्या बहिणीची मुलगी, तुबा, सावंतवाडीहून फॅशन डिझाइनिंगचा कोर्स करून परतली. पाठोपाठ सारिका मॅडम आल्या. शहरातल्या एका फॅशन हाऊससाठी मुली निवडत होत्या. फार गोड बोलायच्या.

“राहणं-जेवण आमच्याकडे. मूळ दाखले जमा करायचे, झेरॉक्स चालत नाही. पहिला महिना फोनही जमा. ट्रेनिंगमध्ये लक्ष लागायला हवं ना?”

नाझमीनच्या हातातली कात्री कापडात तशीच थांबली. पण ती शहाणी. नको म्हटलं तर पोरगी उद्याच्याऐवजी आजच जाईल, हे तिला कळत होतं. तिने वाचनालयातून मला आणलं आणि तुबाच्या पुढ्यात ठेवलं.

“ह्या वाच. मगे ठरव. वाचून जा काय तू ठरवशीत, ता माका मान्य. शब्द देतंय.”

तुबाने मला दोन दिवसांत वाचलं. चोख वाचलं, एक ओळ गाळली नाही. जी होती त्यातली. तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि मला कटिंगच्या टेबलावर ठेवलं.

“खाला, वाचलंय.”

“सगळा?”

“सगळा. शेवटाक तर माझे डोळे भरान इले.”

“आणि तरी जातंस?”

“तरी काय गो? ह्या वाचून कोण घरात बसात? म्हणानच जातंय!”

नाझमीनला नवल वाटलं. कडी, कपाट, शेवंतीच्या कैदेची सात वर्षं, सगळं वाचून ही पोरगी हसत होती. “तू माझ्यापेक्षा धीट आसस,” एवढंच ती म्हणाली. शब्द दिलेला होता. मी दोघींच्या मध्ये मिटलेली पडले होते. कोणीतरी मला उघडायला हवं होतं. कोणी उघडलं नाही, आणि पुस्तकाला स्वतःहून उघडता येत नाही. मूळ दाखल्यांची फाइल घेऊन तुबा गुरुवारी गेली.

नवव्या दिवशी नाझमीन मला परत करायला आली. शिक्क्याची चिठ्ठी भरली होती, म्हणून नवी चिकटवायला दत्तप्रसादने मला उघडलं. शिवण सैल लागली. त्याने पानं चाळली, चष्मा लावून पुन्हा चाळली.

“गो नाझमीन, हिच्यात अकरा चित्रां होती. एकव नाय.”

“खंयची चित्रां?”

तिने मला ओढून घेतलं. एकशे चाळीस. एकशे त्रेचाळीस. मधलं पान तिने पाठ म्हटलं, ओठ हलवत, आवाज न करता. मग सगळ्याच रिकाम्या जागा बघत गेली.

“ती माझ्या भिंतीर आसत, दादा,” ती म्हणाली. “मगे माझ्या तुबान वाचला ता काय?”

तुबाचा फोन बंद होता. सारिका मॅडमचा लागला. मागे कुठेतरी खूप मशीन चालत होत्या. “मुली कामात आहेत हो. महिना झाला की बोलेल ती,” त्या तितक्याच गोड म्हणाल्या. त्यानंतर तोही लागेना.

मित्रांनो, चित्र आवडलं तर फोटो काढा, उतरवून घ्या. कापायलाच हात शिवशिवत असेल, तर आधी पान उलटा आणि मागे कोण उभं आहे ते बघून घ्या. आणि कोणाला पुस्तक वाचायला सांगाल, तर देण्याआधी त्याची पानं मोजा. मोठा उपदेश नाही हा. दोन मिनिटांचं काम आहे.

नाझमीनने भिंतीवरची पानं काढली, दुकानाला कुलूप लावलं आणि कसालहून शहराकडे जाणारी गाडी धरली. मी तिच्या मांडीवर आहे. तिच्या हातात सारिका मॅडमच्या फॉर्मचा तुकडा आहे. त्यावर औद्योगिक वसाहतीचं नाव आहे, रस्ता आहे, पण गाळ्याचा नंबर नाही. तिथे किती गाळे असतील, असं तिने शेजारच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, चारशे तरी असतील.

“बरां,” नाझमीन म्हणाली. “एकापासून सुरू करतंय.”