स्पिरिटचा बोळा

गोपिकाबाई विद्युत मंडल शिकवू लागल्या की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसत. "सेलमधून निघालेली वीज फिरून सेलमध्येच परत आली पाहिजे," त्या सांगायच्या. "रस्त्यात केसाएवढी फट असली तरी ती पुढे जात नाही. मग तारा कितीही जाड असोत अन् सेल कितीही नवा असो." हे सांगताना त्यांचा आवाज असा धारदार व्हायचा, की बाईंचं विजेशी काहीतरी जुनं भांडण असावं असं पोरांना वाटे.

भांडण होतं ते हेडमास्तर दत्तोपंतांशी.

महाल भागातल्या याच शाळेत, बासष्ट साली, गोपिका त्यांची विद्यार्थिनी होती. दत्तोपंत तेव्हा विज्ञान शिकवत. कोष्ट्याची ही पोर हातमागाच्या खटखटीत अभ्यास करून वर्गात पहिली यायची, आणि दुसरा यायचा सरांचा पुतण्या. कितीही रट्टा मारला तरी दुसराच. मॅट्रिकला विज्ञानात जो शाळेत पहिला येईल, त्याला कॉलेजची शिष्यवृत्ती होती. सरांच्या पोटात काय दुखत होतं ते अख्ख्या शाळेला माहीत होतं.

प्रात्यक्षिकाला गोपिकाला ओहमचा नियम आला. सोपा, रोजच्या सरावातला. तिनं मंडल जोडलं आणि दोन पितळी ठोकळ्यांच्या मधे पितळेची खुंटी बसवली. ही खुंटी बसली की रस्ता पूर्ण होतो आणि वीज वाहू लागते. पण अॅमीटरचा काटा जागचा हलेना. घरी ताणा तुटला की धागान् धागा बोटांनी चाचपतात, तशी ती एकेक तार चाचपत गेली. टोकं घासली, सेल बदलला. खुंटीकडे तिनं दोनदा पाहिलं. पितळेला पितळ घट्ट टेकलेलं होतं, शंका यायचं कारणच नव्हतं. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा सरांनी तिला मोठ्या मायेनं व्हरांड्यात पाणी प्यायला पाठवलं.

ती परत आली तर काटा मजेत वर चढून बसला होता.

"सामान तर ठणठणीत आहे," दत्तोपंत बाहेरून आलेल्या परीक्षकाला सांगत होते. "धागे जोडणाऱ्या घरची पोर. तारा काय जोडणार?"

परीक्षक हसला आणि त्यानं शून्य दिलं. खोलीत स्पिरिटचा वास भरला होता, आणि प्रयोगशाळेचा शिपाई शालिकराम फडक्यानं टेबल पुसत होता. गोपिकाच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

शिष्यवृत्ती पुतण्याला मिळाली. गोपिका मागाशेजारी बसून कांड्या भरू लागली. आपल्याच हातून काहीतरी चुकलं, असं ती कितीतरी वर्षं मानत राहिली, आणि या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग होता. तरी दात-ओठ खात ती शिकली, बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली आणि मुद्दाम याच शाळेत मास्तरीण होऊन आली.

मग एक दिवस पोरांसाठी तारेची वेटोळी करताना तिनं तारेवर लावायला स्पिरिटमध्ये लाख विरघळवली. वास नाकात गेला आणि ती जागच्या जागी थिजली. लाखेतून वीज जात नाही. पितळेवर लाखेचा पातळ हात दिला तर रंगही कळत नाही. आणि स्पिरिटचा बोळा फिरवला की सगळं साफ!

कसं झालं ते कळलं. कोणी केलं, हे कळायचं होतं. तेव्हा लॅबची किल्ली दोघांकडेच असायची, दत्तोपंतांकडे आणि शालिकरामकडे. उगाच निरपराध्यावर सूड उगवायचा नव्हता. म्हणून तिनं एका खुंटीवर लाख चढवली, उन्हात वाळवली आणि दिव्याचं मंडल जोडून शालिकरामला हाक मारली. "शालिकभाऊ, हा दिवा काहून लागत नाही, पाहा बरं."

शालिकराम घामाघूम झाला. त्यानं दिवा बदलला, सेल बदलला, तारांची टोकं सँडपेपरनं घासघासून चमकवली. खुंटी फक्त पिळून घट्ट केली. "बाई, मले तं काहीच समजून नाही राहिलं. भूत लागलं याले!" बिचारा खरोखर रडकुंडीला आला होता. गोपिकाबाईंनी त्याला चहा पाजला आणि मनातून त्याचं नाव पुसून टाकलं.

दत्तोपंत त्याच उन्हाळ्यात रिटायर होणार होते. निरोपाच्या समारंभाला पाहुणा म्हणून आला तोच पुतण्या. आता तो वीज खात्यातला मोठा इंजिनिअर झाला होता. गोपिकाबाईंनी पोरांकडून लाकडी फळीवर बारक्या दिव्यांची समई करून घेतली. सरांनी खुंटी बसवायची आणि समई उजळायची, असा बेत होता. फळीजवळ अवजारं मांडली होती, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, जास्तीची तार आणि चांगला मोठा सँडपेपर.

टाळ्यांच्या गजरात दत्तोपंतांनी खुंटी बसवली. समई काळी ती काळीच. पोरं खुदखुदली.

"तीस वर्षं हेच शिकवलं आहे मी," दत्तोपंत हसून म्हणाले. त्यांनी तारांकडे पाहिलं नाही. सेललाही हात लावला नाही. खुंटी उपसून तिच्या अंगावरून हलकेच नख फिरवलं, आणि सवयीनं हाक दिली, "शालिकराम, स्पिरिटचा बोळा आण रे."

गोपिकाबाई माइकजवळ सरकल्या.

"काका, सँडपेपर इथंच तर आहे," पुतण्या सहज म्हणाला. "स्पिरिट कशाला?"

दत्तोपंतांचा हात हवेत राहिला. त्यांनी गोपिकाबाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"मी सांगतो साहेब," गोपिकाबाई माइकवर म्हणाल्या. एरवी त्या शुद्ध बोलत. आज घरची बोली तोंडात आली. "मळ असता तं कोणीबी सँडपेपर घेते. स्पिरिट लागते लाखेले. या खुंटीले मी लाख लावली, हे मी कोणालेच सांगितलं नाही. पण सरायले ठाऊक आहे. बासष्ट साली माझ्या खुंटीले लावली होती नं यायनं! तुमची शिष्यवृत्ती त्याच्यातूनच आली."

"अनुभव... अनुभवानं कळतं," दत्तोपंत पुटपुटले.

"काका," पुतण्यानं विचारलं, "ही खरी गोष्ट आहे?"

दत्तोपंतांना खोटं बोलायला एक क्षण हवा होता. तो क्षण लांबत गेला आणि सगळ्या हॉलनं तो पाहिला. पुतण्यानं मान खाली घातली.

शालिकराम बोळा घेऊन उभा होता. त्यानं सरांच्या हातातून खुंटी घेतली, पुसली आणि स्वतःच बसवली. समई लख्ख पेटली. कोणी टाळी वाजवली नाही.

गोपिकाबाईंनी वाजवली. त्यांना दया आली नाही, यावी असंही वाटलं नाही. दत्तोपंत शाल-नारळ तिथंच सोडून मंचावरून उतरले, रांगांमधून वाट काढत दारापर्यंत गेले, आणि तोवर त्या एकट्याच, सावकाश, टाळ्या वाजवत राहिल्या.