सिमलडांड्याचं उत्तर

जाजरकोटच्या त्या चढावर जीप पुन्हा कण्हायला लागली, तेव्हा मेनुका रेग्मीने डोळे मिटून घेतले. गेली वीसेक वर्षं ती हाच चढ चढत होती, आणि दर वेळी मागच्या सीटवर नवा गोरा पाहुणा आणि नवी दिशा असायची. पहिल्यांदा आली तेव्हा दिशेचं नाव होतं सहभाग. मग क्षमतावृद्धी आली, मग सक्षमीकरण, मग टिकाऊपणा. परदेशातल्या कुठल्याशा शहरात माणसं टेबलाभोवती बसायची, दिशा बदलायची, आणि इकडे प्रकल्पाच्या सुर्खेतच्या ऑफिसात मेनुका त्या शब्दाला नेपाळीत काय म्हणावं म्हणून डोकं खाजवत बसायची. रस्ता तेवढा होता तसाच राहिला.

या खेपेची दिशा मात्र जरा निराळी होती. देणाऱ्या देशात सरकार बदललं होतं. अनुदानाचे दिवस संपले, आता भागीदारी, असं तिकडून कळवण्यात आलं होतं. जी गावं स्वतःच्या पायावर उभी आहेत तिथून हात काढून घ्यायचा आणि ज्यांना खरंच जमत नाही तिथे आणखी काही वर्षं मदत चालू ठेवायची. कुठलं गाव कशात बसतं ते ठरवायला त्या देशाचे रोलांडसाहेब जातीने आले होते, आणि आजचं गाव होतं सिमलडांडा.

सिमलडांड्याला एक प्रसूतिघर होतं. दोन खोल्या, वर निळा पत्रा, आणि बिपना खड्का नावाची नर्स. बिपनाचा पगार प्रकल्पातून यायचा. प्रकल्प गेला की बिपना जाणार, आणि बिपना गेली की त्या खोल्यांत कुणीतरी मका साठवणार, हे मेनुकाला लख्ख दिसत होतं. तिने वडाध्यक्षांना विचारून पाहिलं होतं. वॉर्डाचा निवडून आलेला प्रमुख, गावाच्या पैशाच्या चाव्या त्याच्याच हातात. ते म्हणाले, "बहिनी, मला रस्त्याला डोझर लावायचाय. डोझर साऱ्या डोंगराला दिसतो. नर्स कुणाला दिसते? मतं काय तान्ही बाळं देणार आहेत?"

म्हणून आठवड्यापूर्वी ती एकटीच येऊन गेली होती. गावातल्या बायकांच्या मंडळाच्या अध्यक्ष चैतीमाया घर्ती तेव्हा अंगणात नाचणी पाखडत बसल्या होत्या. मेनुकाने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं.

"दिदी, साहेबांनी विचारलं, आम्ही गेलो तर काय होईल, तर या वेळी म्हणायचं, बंद पडेल. आम्हाला जमत नाही."

चैतीमायांनी सूप खाली ठेवलं. "आणि ते मागचं? 'आमचं गाव, आमचं प्रसूतिघर, आम्हीच चालवू'? छाती काढून म्हण, हात वर करून म्हण, हे कोण शिकवून गेलं होतं?"

"मीच."

"मग? आता म्हणतेस रड. तू मादल वाजवशील तशी नाचायला मी काय तमासगिरीण आहे?"

मेनुकाला हसू आलं आणि लाजही वाटली. दर पाहुण्याच्या आधी तीच हे उत्तर बायकांकडून घोटून घ्यायची. पसरलेला हात दिसला की पाहुण्यांची तोंडं उतरायची, आणि ताठ मानेची बाई दिसली की पैसे पुढे चालू राहायचे. त्या एका उत्तरावरच तर प्रसूतिघर इतकी वर्षं तगलं होतं.

"सुनेचे दिवस कधी भरतायत?" तिने विचारलं.

"साउनात, भर पावसात."

"पैसे त्याच्या आधीच्या असार महिन्यापर्यंतच आहेत, दिदी. साउन उजाडायच्या आत बिपना गेलेली असेल."

चैतीमायांनी सूप पुन्हा हातात घेतलं. थोरल्या नातवाच्या वेळी हीच सून रक्त जाऊन पांढरीफटक पडली होती आणि बिपनाने तिला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. शिवाय साउनात खालची भेरी नदी अशी चढते, की जीप सोडाच, खेचरसुद्धा पलीकडे जात नाही.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "रडणार नाही. पण म्हणेन."

आज शाळेच्या मैदानावर सगळं गाव लोटलं होतं. रोलांडसाहेबांच्या गळ्यात झेंडूच्या माळा पार हनुवटीपर्यंत आल्या होत्या. एका हातात सेलरोटी, दुसऱ्या हातात उकडलेलं अंडं, अशा अवस्थेत ते सगळ्यांना नमस्कार करू पाहत होते. माणूस वाईट नव्हता. खुर्ची नाकारून तो बायकांबरोबर चटईवर बसला. समोरच्या डोंगरावरच्या गावातल्या बायकाही बघायला आल्या होत्या. त्यांच्यात आणि सिमलडांड्याच्या बायकांत पहिल्यापासून चुरस, त्यामुळे चैतीमायांनी ठेवणीतली मखमली चोळी काढली होती. वडाध्यक्ष मन भरेपर्यंत बोलले. मग साहेबांनी हळू, अदबीने विचारलं, "आम्ही गेलो, तर या प्रसूतिघराचं काय होईल?"

मेनुकाने प्रश्न नेपाळीत सांगितला. एकेक शब्द सुटा करून, चैतीमायांच्या डोळ्यांत बघून सांगितला.

चैतीमाया उठल्या. त्यांनी पदर सावरला, समोरच्या गावच्या बायकांवर एक नजर टाकली, आणि त्यांचा उजवा हात वर गेला.

"आमचं गाव, आमचं प्रसूतिघर, आम्हीच चालवू! कुणी येवो, कुणी जावो!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. समोरच्या गावच्या बायकांनीही टाळ्या दिल्या. चहाचा ट्रे खाली ठेवून बिपनाही टाळ्या वाजवत होती. तिला अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं. चैतीमाया खाली बसल्या, कसं म्हटलं अशा नजरेने त्यांनी मेनुकाकडे पाहिलं, आणि मग त्यांना आठवलं. त्यांचा हात तोंडावर गेला.

बदलून सांगणं हे एका वाक्याचं काम होतं. मेनुकाने आयुष्यात याहून मोठमोठी वाक्यं वळवली होती. पण टाळ्यांचं काय करायचं? जमत नाही म्हणणाऱ्या बाईला कुठलं गाव टाळ्या देतं? आणि खरं सांगायचं तर ती थकली होती. लोकांच्या तोंडात शब्द घालायचे, मग तेच शब्द दुसऱ्या भाषेत नेऊन पाहुण्याच्या पानात वाढायचे, याचा तिला वीट आला होता. तिने जसं होतं तसं सांगितलं.

साहेबांचे डोळे पाणावले. "हीच ती पुढची दिशा," ते म्हणाले. "सिमलडांड्याला आता आपली गरज उरलेली नाही."

मंडळी जीपमध्ये बसली तेव्हा गर्दी सारत चैतीमाया आल्या आणि त्यांनी खिडकीची काच धरली.

"बहिनी, सांग त्याला. मी खोटं बोलले. खोटं म्हणजे, सवयीने बोलले गं. एवढी माणसं बघितली आणि आपोआप तोंडातून निघून गेलं. आम्हाला नाही जमत. नर्सचा पगार आम्ही काय नाचणीत देणार? माझी सून मरेल. सांग त्याला, हात जोडते."

मेनुकाने सांगितलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. सुनेचंही सांगितलं. मग स्वतःहून म्हणाली, "साहेब, मैदानातलं उत्तर मी शिकवलेलं होतं. हे त्यांचं स्वतःचं आहे."

रोलांडसाहेबांनी मान कलती करून सगळं ऐकलं. चैतीमायांच्या हातावर त्यांनी हात ठेवला आणि मायेने बोलू लागले. हात सोडायची वेळ आली की भीती वाटतेच, किती देशांत पाहिलंय आम्ही. ही डोंगरातली माणसं इतकी विनम्र, की स्वतःची ताकद कबूल करायलाही लाजतात. साऱ्या गावासमोर जे उत्स्फूर्तपणे आलं तेच खरं. आता स्वतःवर विश्वास ठेवा, आम्ही लांबून तुमचं कौतुक करत राहू. मग मेनुकाकडे वळून हसले. "आणि तुम्हीही ना, मेनुका! इतक्या वर्षांचं नातं, निरोप जड जाणारच."

ड्रायव्हरने जीप सुरू केली.

"काय म्हणाला?" चैतीमायांनी विचारलं.

"नाही म्हणाला."

"नाही? अगं, इतका वेळ बोलत होता की."

"इतका वेळ तेच म्हणत होता, दिदी."